अंबराच्या दोन बाटल्या



बिस्किटात अंडं आहे का, आईस्क्रीममध्ये जिलेटिन आहे का, लिपस्टिकमध्ये कसली चरबी आहे, हे सगळं आपण आता विचारायला शिकलो आहोत. पण अंगाला लावायच्या सुगंधात काय काय असतं, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही. पोटात तर जात नाही ना, मग झालं! गेल्या महिन्यात आमच्या घरी दोन बाटल्यांमधून एक निवडायची होती आणि त्या निमित्ताने मी बरंच विचारलं, वाचलं. दोन्ही बाटल्या अंबराच्या होत्या, दोन्हींचा वास मवाळ. निवडायची होती माझ्यासाठी नाही, अक्कांसाठी.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. भाऊजींना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून अक्कांनी गजरा माळला नाही की अत्तर लावलं नाही. लावू नका असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं आणि लावा असंही कोणी म्हटलं नव्हतं. आपल्याकडे अशा गोष्टी न बोलताच ठरतात. आता त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. साड्यांची यादी करताना अक्का एकदम मला म्हणाल्या, "मला एक वास आणून दे. फुलाबिलाचा नको. फार दरवळणारा तर नकोच. जवळ येईल त्यालाच कळावा, असा."

मी सोलापूरला आहेराच्या खरेदीला गेले होते, तिथून अंबर अत्तराची छोटी बाटली आणली. इकडे पुण्याहून माझ्या लेकीने काकूसाठी अंबराचाच एक स्प्रे पाठवला. दोघींनी एकमेकींना न विचारता तोच वास निवडला, कारण 'मवाळ आणि फुलांचा नको' म्हटलं की कोणताही दुकानदार तुम्हाला अंबरच काढून देतो.

अंबर म्हणजे नक्की काय?

या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू दडल्या आहेत आणि आपल्या दृष्टीने त्या तिन्हींत मोठा फरक आहे.

पहिला अंबर खराखुरा, समुद्रातला. स्पर्म व्हेल हा प्रचंड सागरी प्राणी माकुळासारखे जीव खातो. त्यांच्या कठीण चोची पचत नाहीत. त्यांच्याभोवती आतड्यात मेणासारखा एक पदार्थ साचतो, तो म्हणजे अंबर. पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या येतात त्या 'व्हेल माशाच्या उलटी'च्या, तोच हा पदार्थ. अरबी भाषेतला हा शब्द मुळात त्याचाच. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याचा व्यापार करता येत नाही.

दुसरा अंबर म्हणजे खडा. जुन्या झाडांचा चीक लाखो वर्षं जमिनीत राहून दगडासारखा झालेला. त्याचे मणी करतात. कधी कधी त्यात एखादा किडा अडकलेला दिसतो. अत्तराशी त्याचा संबंध जवळजवळ नाही, फक्त रंगाचं साम्य.

तिसरा अंबर म्हणजे आज बाजारात मिळणारा वास. 'अंबर' नावाचं कुठलं फूल नाही की झाड नाही. हे मिश्रण आहे. त्यात बहुधा तीन गोष्टींचा मेळ असतो: भूमध्य समुद्राच्या बाजूला होणाऱ्या एका झुडपाचा चिकट डिंक (त्याला लॅबडॅनम म्हणतात), आपण धुपाटण्यात घालतो तो ऊद म्हणजे लोबान, आणि व्हॅनिला. शिवाय त्या समुद्री अंबराच्या वासाची नक्कल करणारे पदार्थ आता प्रयोगशाळेत बनतात, त्यातला एक तर सेज जातीच्या झाडापासून सुरू होतो. म्हणजे अंबराचा वास आज एकाही प्राण्याला हात न लावता तयार होऊ शकतो. 'होऊ शकतो' असं म्हणते, कारण प्रत्येक बाटलीत तसंच असेल असं नाही. म्हणून विचारायचं.

हा वास आपल्या भागाला अगदीच परका नाही बरं का. जवळचं तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी प्रवासवर्णनात तगरचं नाव आलं आहे. इथलं कापड भडोचच्या बंदराला जायचं आणि त्याच बंदरात परदेशातून उतरणाऱ्या मालात सुगंधी राळ आणि थोडे सुगंधी लेपही असायचे, असं त्यात लिहिलं आहे. कापड देऊन सुगंध घ्यायचा, हा व्यवहार जुनाच आहे.

पहिली बाटली: सोलापूरचं अत्तर

दुकान जुनं, काचेच्या कपाटात ओळीने बुधल्या. मी आधीच सांगितलं, "आम्ही जैन आहोत, प्राण्याचं काही चालणार नाही." दुकानातले चाचा हसले नाहीत की वैतागले नाहीत. त्यांनी काचेच्या काडीने माझ्या मनगटावर एक थेंब लावला आणि सावकाश समजावून सांगितलं.

खरा अंबर ठेवत नाही, खरी कस्तुरी ठेवत नाही, म्हणाले. कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या पोटाजवळच्या ग्रंथीतून येते आणि त्यासाठी पूर्वी त्याला मारत, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. जवादी मांजराच्या ग्रंथीतूनही वासाचा पदार्थ काढतात, हे कमी जणींना माहीत असेल. पण त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला अगदीच नवी होती. शमामा नावाचं जे कनौजचं मसालेदार, उबदार अत्तर असतं, त्यात 'नख' असू शकतं. नख किंवा नखला म्हणजे समुद्री गोगलगाईच्या शिंपल्याच्या तोंडावरचं झाकण. ते भाजून त्याचा अर्क काढतात. आणि मैत्रिणींनो, हेच नख काही प्रकारच्या धुपातही घालतात! म्हणजे देवापुढे जो धूप आपण अष्टकर्म जळावेत म्हणून वाहतो, तोही एकदा विचारून घ्यायला हवा. मी घरी आल्यावर आधी धुपाच्या डब्यावरची यादी वाचली.

अंबराच्या बाटलीत मात्र नख नाही, चंदनाच्या तेलात राळ आणि डिंक आहेत, असं त्यांनी सांगितलं. वास सुरुवातीला चंदनाचा, मग थोडा धुरकट, ऊद घातलेल्या खोलीत आपण तासाभराने शिरावं तसा. संध्याकाळपर्यंत मनगटावर काकवीसारखा गोडसर उरला होता. मला तो फार आवडला.

दुसरी बाटली: पुण्याचा स्प्रे

स्प्रेच्या खोक्यावर हिरवा ठिपका होता आणि 'व्हीगन' असंही छापलं होतं. इथे एक फरक लक्षात ठेवायचा. 'क्रुएल्टी-फ्री' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ प्राण्यांवर चाचणी केली नाही इतकाच. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदीच आहे. पण आत प्राण्यापासून आलेला पदार्थ नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. त्यासाठी 'व्हीगन' हा शब्द किंवा कंपनीचं स्पष्ट उत्तर हवं. आणि डबीतलं घट्ट, मलमासारखं सेंट घेत असाल तर मेण कसलं आहे ते विचाराच, त्यात मधमाश्यांचं मेण असू शकतं.

स्प्रेचा वास पहिल्या मिनिटाला जरा तीव्र, मग झपाट्याने मऊ. दुधात व्हॅनिला विरघळावा तसा, पण खाण्याच्या पदार्थासारखा गोड नाही. साडीला लावला की दुसऱ्या दिवशी घडी उलगडताना हलकाच येतो.

प्रश्न होता अल्कोहोलचा. मद्य-मांस-मधु त्याग आपल्या घरात लहानपणापासून. स्प्रेमधलं अल्कोहोल म्हणजे तेच, फक्त पिता येऊ नये म्हणून त्यात काहीतरी मिसळलेलं. ते बहुतेकदा उसाच्या मळीपासून बनतं. आपल्या जिल्ह्यात मळीचा वास कोणाला सांगायला नको, गळीत सुरू झालं की कारखान्याच्या रस्त्यावरून जाताना गाडीच्या काचा वर कराव्या लागतात. मळी आंबवताना त्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती आणि नाश दोन्ही होतात, म्हणून आपल्यातल्या काही जणी अंगालाही अल्कोहोल लावत नाहीत. काही जणी म्हणतात, नियम सेवनाचा आहे, कोरोनात सॅनिटायझर आपण सगळ्यांनीच लावला. दोन्ही मतांच्या बायका माझ्याच घरात आहेत. ज्या अल्कोहोल वर्ज्य करतात त्यांना अत्तराची वाट मोकळी आहे, इतकंच मी म्हणेन.

आता या सगळ्याची बेरीज केली तर माझं मत अत्तराकडे झुकत होतं. अल्कोहोल नाही, अंगाजवळच राहतं, एक थेंब पुरतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात स्प्रे भसाभस मारला तर शेजारच्या बाईचं डोकं दुखतं, अत्तराचं तसं नाही. मी अक्कांना हे सगळं सांगणारही होते. पण त्याआधी घरात वेगळाच विषय निघाला.

"आता अक्कांना कशाला?"

दोन्ही बाटल्या दिवाणावर होत्या. आमच्या चुलत सासूबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नवरीसाठी का गं? छान आहेत." मी म्हटलं, अक्कांसाठी. त्या क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता अक्कांना कशाला? लोक बघतात. त्यांनी सोडलंय ना सगळं."

त्या वाईट मनाच्या नाहीत. अक्कांच्या आजारपणात रात्र रात्र जागलेल्या आहेत. म्हणूनच त्यांचं वाक्य मला जास्त लागलं. 'सोडलंय' हा आपला फार मोठा शब्द आहे. आपल्या धर्मात सोडणाऱ्याला वंदन करतात. पण अक्कांनी सोडलं होतं की त्यांचं सुटलं होतं?

याचं उत्तर मला आपल्याच ग्रंथांत मिळालं. तत्त्वार्थसूत्रात अकाम निर्जरा हा शब्द येतो. पूज्यपाद आचार्यांनी त्यावरच्या टीकेत उदाहरण दिलं आहे बंदिवासात पडलेल्या माणसाचं. त्याला भूक-तहान सोसावी लागते, ब्रह्मचर्य पाळावं लागतं, जमिनीवर झोपावं लागतं. बाहेरून पाहिलं तर अगदी तपस्व्यासारखं! त्या सोसण्याचंही काही फळ सांगितलं आहे, पण त्याला व्रत म्हटलेलं नाही. कारण व्रतात संकल्प लागतो, आणि संकल्प ज्याचा त्यानेच करायचा असतो. नवरा गेला म्हणून बाईच्या केसातलं फूल आणि मनगटावरचं अत्तर आपोआप गेलं, तर त्याला आपण त्याग म्हणणार की बंदिवास?

आणि समोरची बाजूही बघा. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण व्रत आहे. एकदा वापरून संपतो तो भोग, पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग. श्रावकाने रोज ज्यांची मर्यादा ठरवायची, त्या यादीत जेवण, वाहन, अंथरूण, स्नान, वस्त्र, दागिने यांच्याबरोबर अंगाला लावायची उटी आणि फुलंही आहेत. उपवासाच्या दिवशी गंध आणि पुष्प वर्ज्य, असंही तिथेच सांगितलं आहे. पण ही यादी सगळ्याच श्रावक-श्राविकांसाठी आहे. सवाष्ण कोण, विधवा कोण, असा भेद त्यात कुठे आहे?

कुंथलगिरीला

लग्नाची पहिली पत्रिका कुंथलगिरीला ठेवायची, हा आमच्या घरचा रिवाज. आपल्याच जिल्ह्यात, भूम तालुक्यात, देशभूषण-कुलभूषण मुनींचं हे निर्वाणक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखनाही इथलीच. १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांची समाधी झाली. तिथे गेलं की मला दरवेळी वाटतं, आधी काय, मग काय, कधी, सगळं स्वतः ठरवून, जागेपणी सोडत गेलेला माणूस इथे होऊन गेला. सोडणं म्हणजे काय ते इथे कळतं.

त्या दिवशी एका माताजींचं दर्शन झालं. वंदामि करून अक्कांनी स्वतःच विचारलं, "माताजी, मुलाच्या लग्नात मी अत्तर लावलं तर चालेल का?" मी मनात माझी अंबर, नख, मळीची सगळी उजळणी करून बसले होते, विचारलं तर सांगायला. माताजींनी कोणतं अत्तर ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "किती? आणि किती दिवस?"

अक्का गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एक बाटली. संपेपर्यंत दुसरी नाही."

माताजी म्हणाल्या, "मग तसा नियम घ्या. जिवांची हिंसा नसलेलं बघून घ्या." एवढंच. लोक काय म्हणतील याचा शब्दही निघाला नाही.

रत्नकरंडातच नियमाच्या मुदती सांगितल्या आहेत: आजचा दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, दोन महिन्यांचा ऋतू किंवा सहा महिन्यांचं अयन. अक्कांनी अयनाचा नियम घेतला. सहा महिने एकच सुगंध. अष्टमी-चतुर्दशीला नाही, उपवासाला नाही, चौक्यात आहार द्यायच्या दिवशी नाही. चार वर्षं काहीच न लावणाऱ्या बाईचा हा पहिला सुगंधाचा नियम. माझ्या मते हाच तिचा पहिला खरा त्याग.

येताना गाडीत सुगंधदशमीचा विषय निघाला. भाद्रपद शुद्ध दशमीला आपण मंदिरात धूप वाहतो. ती कथा तुम्हाला माहीतच आहे: राणीने रागाच्या भरात मुनींना कडू भोपळ्याचा आहार दिला आणि पुढच्या जन्मांत तिच्या देहाला दुर्गंधी आली, ती व्रताने गेली. या कथेत नवऱ्याच्या मरणाने कोणाला दुर्गंधी आली नाही, आली ती रागाने. आणि दशलक्षणात पंचमीपासून मोजलं तर ही दशमी सहावा दिवस, उत्तम संयमाचा. म्हणजे सुगंधाचा सण आणि संयमाचा दिवस आपल्याकडे एकच आहे!

या कथेचं जिनसागरांनी रचलेलं मराठी रूपही आहे. डॉ. हीरालाल जैन यांनी अपभ्रंश, संस्कृत, गुजराती आणि हिंदी रूपांबरोबर ते १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. याच हीरालालजींनी १९३४ मध्ये कनकामर मुनींचं करकंडचरिउ संपादित केलं होतं. त्यात तेरापूरजवळच्या ज्या लेण्यांची गोष्ट आहे ती आपली धाराशिवची लेणी. आपल्या गावाची कथा आणि आपल्या सुगंधाची कथा एकाच माणसाने जपून आपल्या हाती दिली, हे मला फार छान वाटतं.

अक्कांनी काय निवडलं

घरी आल्यावर मी अक्कांच्या एका मनगटावर अत्तर लावलं, दुसऱ्यावर स्प्रे. घासू नका म्हटलं, घासलं की वास लवकर उडतो. दोन-तीन तास तसंच राहू द्यायचं, कारण पहिल्या मिनिटाचा वास फसवा असतो. अक्का पोळ्या सोडून बाकीची कामं करत राहिल्या. मधूनच एखादं मनगट नाकाजवळ नेत.

दुपारी चहाच्या वेळी म्हणाल्या, "हा," आणि स्प्रेचं मनगट पुढे केलं.

मी अत्तराची बाजू मांडायला तोंड उघडलं होतं. अल्कोहोल, उन्हाळा, सगळं. त्या म्हणाल्या, "अगं, तुझं अत्तर चांगलंच आहे. पण ह्यांच्या टोपीला असाच वास यायचा. कानात फाया असायचा ना. लग्नात मला रडत बसायचं नाहीये. सून घरात येणार आहे."

यावर मी काय बोलणार? भाऊजींचं अत्तर हीना होतं, अंबर नव्हे, पण चंदनाचा पाया दोन्हींत होता आणि नाकाला तो आठवतो. अल्कोहोलचा त्यांनी विचार केला होता. "माझा नियम पिण्याचा आहे, लावण्याचा नाही," त्या म्हणाल्या आणि विषय संपला. शुद्धतेच्या कसोटीवर दोन्ही बाटल्या उतरल्यावर पुढची निवड ज्या अंगाला तो सुगंध लागणार, त्या माणसाची. अत्तराची बाटली आता माझ्या कपाटात आहे, उजेड आणि ऊन लागू नये म्हणून साड्यांच्या मागे.

हळदीच्या दिवशी चुलत सासूबाई अक्कांच्या शेजारीच बसल्या होत्या. अगदी जवळ बसल्यामुळे त्यांना वास आला असणारच. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी अक्कांचा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा विचारायच्या गोष्टी थोडक्यात लिहून ठेवते. अंबर, कस्तुरी, जवादी यांतलं काही प्राण्यापासून आलेलं आहे का? शमामा किंवा मसालेदार अत्तर असेल तर नख आहे का? अत्तराचा पाया चंदनाचा आहे की दुसऱ्या तेलाचा? घट्ट सेंट असेल तर मेण कसलं? अल्कोहोल तुमच्या नियमात बसतं का? आणि सगळ्यात शेवटी माताजींचा प्रश्न स्वतःला विचारायचा: किती, आणि किती दिवस?

आणि तुमच्या घरातही एखादी अक्का असेल, जिचं सगळं 'सुटलं' आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. पुढच्या खरेदीला जाताना तिला एकदा विचारा, "तुमच्यासाठी काय आणू?" नको म्हणाली तर तो तिचा त्याग. पण नको म्हणायची संधी तिला मिळाली पाहिजे.

जय जिनेंद्र.